मानदुखीची तीन कार्डं

मान धरलेल्या माणसाइतका बोलका माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पोट दुखलं की माणूस कण्हतो, दाढ दुखली की गप्प बसतो. पण मान धरली की त्याला इकडे बघता येत नाही, तिकडे बघता येत नाही, समोरच्या भिंतीकडे तोंड करून वीस मिनिटं बसायचं. मग तो करणार काय? बोलतो! आणि आम्ही फिजिओथेरपीवाले ऐकतो. अशी तीस-पस्तीस वर्षं ऐकत बसलं की कपाटातल्या जुन्या साड्यांसारखे किस्से साठतात. एक ओढायला जावं तर चार अंगावर पडतात. आज फक्त एका खोलीतले आणि एका हंगामातले सांगते, नाहीतर तुम्हाला जेवायला उशीर होईल.

बहात्तर सालची गोष्ट. पुण्याहून शिकून मी नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात लागले. वय तेवीस, अंगात पांढरा कोट आणि डोक्यात सगळं येत असल्याचा भ्रम. आमचा विभाग म्हणजे पूर्वीची धोब्याची खोली. पाटीवर 'फिजिओथेरपी' असं लिहिलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. खोलीला सगळे 'शेकाची खोली' म्हणत आणि मला 'शेकाच्या बाई'. माझं नाव मंगल आहे हे नगरमध्ये पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

खोलीत आम्ही दोघी. मी आणि साळूबाई. साळूबाईंचं माहेर मिरजगावचं, वय पंचावन्नच्या पुढे, कपाळ मोकळं, हात मात्र पैलवानाचे. वीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात बाळं न्हाऊ घातली, बाळंतिणींची अंगं चोळली. मग मालिशसाठी म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलं. राहायच्या दवाखान्याच्याच मागच्या आवारात, पाण्याच्या टाकीशेजारच्या एका खोलीत. सोबतीला एक शेळी.

आमच्यावर डॉक्टर पारखी. हाडांचे डॉक्टर आणि दवाखान्याचे प्रमुख. अत्यंत सरळ माणूस, एप्रिलच्या उन्हातसुद्धा टाय लावणारा. खोटं बोलायचे नाहीत आणि दुसरा बोलला तर त्यांना कळायचं नाही.

आता यात भांडण लागलं ते यंत्रामुळे. कुणा दानशूर माणसाने दवाखान्याला शॉर्टवेव्हचं यंत्र दिलं. कपाटाएवढं धूड, त्याला दोन लांब हात, हातांच्या टोकाला गोल चकत्या. बटण फिरवलं की लाल दिवा लागायचा आणि यंत्र घुमायला लागायचं. चकत्या मानेजवळ धरल्या की आतल्या स्नायूंना शेक मिळतो, अशी त्याची विद्या. दसऱ्याला साळूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

पण दवाखान्याच्या ट्रस्टींनी लगेच विचारलं, यंत्र आलं तर आता मालिशवाल्या बाईचं काय काम? डॉक्टर म्हणाले, मी असं अंदाजाने सांगणार नाही, तुलना करून सांगेन. तीन महिने मानदुखीचे पेशंट तीन गटांत वाटायचे. एका गटाला यंत्र, एकाला पट्टा बांधून मानेला ताण, एकाला मालिश. यंत्रापेक्षा मालिश मागे पडली, तर साळूबाईंची जागा बंद. जागा बंद म्हणजे टाकीशेजारची खोलीही गेली. हे डॉक्टरांनी साळूबाईंना समोर बसवून, नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि शेळीला पाणी पाजायला गेल्या.

*

त्या वर्षी मानांना काही तोटा नव्हता. पाऊस नाही, शेतात काम नाही, गावंच्या गावं दुष्काळी कामांवर. बाया दिवसभर डोक्यावर मातीच्या पाट्या वाहायच्या आणि संध्याकाळी मैलभरावरून घागर आणायच्या. मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू असे धरायचे की बोट रुतायचं नाही. त्यात बाजार समितीतले हमाल, शिलाई मशीनवर वाकलेले शिंपी, हिशेबनीस, मास्तर हे आमचे नेहमीचे होतेच.

डॉक्टरांनी कार्डं छापून घेतली. लाल कार्ड म्हणजे यंत्र, हिरवं म्हणजे ताण, पिवळं म्हणजे मालिश. पेशंटने डोळे मिटून डब्यातून कार्ड काढायचं. कुणाला काय मिळेल यात आपला हात नको, असा डॉक्टरांचा कटाक्ष. नियम मोठे कडक होते. मालिश दहाच मिनिटं, तीसुद्धा पावडर लावून. तेल नाही, शेक नाही, नाहीतर तुलना बिघडेल. साळूबाई पावडरीच्या डब्याकडे ज्या नजरेने बघायच्या, ती नजर मी एरवी फक्त विहिणीविहिणींत पाहिली आहे.

यंत्राच्या पेशंटला खुर्चीत बसवणं आणि मानेला टॉवेल लावणं हेही साळूबाईंचंच काम. मी तोवर पाठमोरी बसून कार्डावर नाव-वेळ लिहायचे, मग उठून बटण फिरवायचे. टॉवेल थंड लागतो म्हणून साळूबाई तो कोपऱ्यातल्या उकळत्या पाण्याच्या पितळी भांड्याच्या झाकणावर गरम करून घ्यायच्या. यंत्राला नियम नव्हता, नियम मालिशला होता. मला त्यांचं कौतुक वाटायचं.

*

पहिल्या आठवड्यातच वऱ्हांड्यात एक प्रकार सुरू झाला. लोकांना लाल कार्ड हवं असायचं. विजेचं यंत्र, लाल दिवा, घूं घूं आवाज! हिरव्याला कुणी विचारत नव्हतं, कारण ताण घेणारा माणूस बाहेरून खिडकीतून दिसायचा, आणि तो दिसायला काही बरा दिसायचा नाही.

एके दिवशी डॉक्टर राउंडला आले तर बाकावर दोन माणसं एकमेकांचा हात धरून बसलेली. हातांवर उपरणं. दोघं समोर बघतायत, तोंडाने अवाक्षर नाही. उपरण्याखाली मात्र काहीतरी वळवळतंय. डॉक्टर थबकले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मंगलताई, यांची मान दुखते आहे की हात?"

मी पुण्याची, मला काय कळणार? साळूबाईंनी एकदा दारातून डोकावलं आणि सांगितलं, बाबूशेठ हायेत, घोडेगावच्या बाजारात बैलं इकत्यात. म्हणजे गुरांच्या बाजारात सौदा जसा रुमालाखाली बोटं दाबून करतात, आजूबाजूच्याला भाव कळू नये म्हणून, तसा सौदा चालला होता. बाबूशेठना हिरवं कार्ड आलं होतं, शेजारच्याला लाल. सौदा पटला तीन पेंढ्या कडब्यावर. त्या साली कडबा म्हणजे काय होतं ते जनावरवाल्यालाच विचारा.

डॉक्टरांनी कार्ड परत घेतलं, कार्ड डब्यातून निघाल्याबरोबर त्यावर नाव लिहायला लावलं आणि बाबूशेठना तुलना म्हणजे काय यावर पंधरा मिनिटं भाषण दिलं. बाबूशेठनी ते मान न हलवता ऐकून घेतलं. हलवता येतच नव्हती. शेवटी म्हणाले, "डाक्टर, तुमचं समदं खरं. पन माल न बघता डोळं झाकून कोन घेतंय?"

*

ताणाचं सांगते. हनुवटीखाली आणि डोक्यामागे चामड्याचा पट्टा बांधायचा, पट्ट्याला दोरी, दोरी भिंतीवरच्या कप्पीवरून पलीकडे, आणि टोकाला वजन. मान वर ताणली जाते, धरलेले स्नायू सुटतात. एकच अडचण. हनुवटी बांधलेली असल्याने तोंड उघडता येत नाही.

कर्जतकडचे एक सरपंच आले होते. बैठकीत दोन दोन तास बोलणारे गृहस्थ. आमच्याकडेही आल्यापासून दुष्काळ, कलेक्टर, पाझर तलाव, जावयाची नोकरी असं अखंड चालू होतं. बरोबर त्यांच्या कारभारीणबाई, पदर डोक्यावर, शब्द म्हणून बोलत नव्हत्या. सरपंचांनी डब्यातून हिरवं कार्ड काढलं. मी पट्टा बांधला, वजन सोडलं, आणि खोलीत एकदम शांतता झाली. सरपंच डोळ्यांनीच काहीतरी सांगायला बघत होते.

बाई हळूहळू पुढे आल्या. नवऱ्याकडे एकदा या बाजूने बघितलं, एकदा त्या बाजूने. मग स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि सुरू झाल्या. दहा वर्षांपूर्वी बहिणीच्या लग्नाला जाऊ दिलं नाही तिथपासून ते गेल्या साली पाच माणसं न सांगता जेवायला आणली तिथपर्यंत, अगदी सावकाश, एकेक. वीस मिनिटं झाली तशी मी वजन उतरवायला उठले. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की वाईच. अजून आवंदाचं सांगायचं ऱ्हायलंय."

बारा खेपांपैकी एकही खेप त्यांनी चुकवू दिली नाही. शेवटच्या दिवशी सरपंचांची मान मोकळी झाली, दोघं निघाले, आणि बाई दारातून परत आल्या. हळूच विचारलं, "बाई, ह्यो पट्टा घरी न्यायला मिळतुया का?"

*

मालिशचा किस्सा हमाल दौलतचा. सहा फूट उंच, पाठीवर पोतं घेतलं की दोन माणसांची वाट अडवणारा. पिवळं कार्ड आलं तसा दारातच अडून बसला. बाईमाणसाकडून मालिश करून घेणार नाही म्हणाला. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. तो अंगरख्याचं बटण धरून उभा, कान लाल झालेले.

साळूबाई त्याच्याकडे निरखून बघत होत्या. त्यांनी विचारलं, आईचं नाव काय? त्याने सांगितलं. भिंगारला ऱ्हायाची का? हो म्हणाला. साळूबाईंनी त्याचा दंड धरून स्टुलावर बसवला. "सव्वा म्हयना रोज न्हाऊ घातलंय तुला म्या. आता कसली लाज काढतो?"

तो बसला. साळूबाईंचा अंगठा खांद्याजवळच्या गाठीवर टेकला मात्र, दौलतने अशी आरोळी ठोकली की औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभे असलेले लोक धावत आले. साळूबाईंनी अंगठा काही उचलला नाही. जमलेल्या लोकांना शांतपणे म्हणाल्या, "काय न्हाई, जावा. जलमल्यापासनं असाच वरडतुया."

*

माझ्याही अकलेचा एक नमुना ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल ही दुसऱ्यांनाच हसते. खेपांबरोबर मी पेशंटना घरी करायला मानेचे व्यायाम द्यायचे. डावीकडे-उजवीकडे, वर-खाली, तासातासाला दहा वेळा. एक शिंपीकाका होते, कापडबाजाराजवळ दुकान. फार इमानी पेशंट. घड्याळ लावून व्यायाम करायचे.

आठच दिवसांत आले ते रागावून. झालं काय, तर दिवाळीचं काम, गिऱ्हाईक येऊन विचारायचं, "काका, धनत्रयोदशीपर्यंत शर्ट मिळेल का?" नेमकी तेव्हा तासाची वेळ झालेली असायची आणि काका मान डावीकडे-उजवीकडे. तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलायची सोय नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात! मला म्हणाले, "आडवा व्यायाम बंद करा. नुसता वर-खालीचा द्या."

दिला. पुढच्या आठवड्यात परत आले, डोळे तांबारलेले, मान पहिल्यापेक्षा जास्त धरलेली. मी विचारलं, आता काय झालं? म्हणाले, "आता समद्या नगरला हो म्हणून बसलोय."

*

डॉक्टरांना आकडे हवे होते. मान किती बरी आहे ते दहापैकी सांगा म्हटलं तर लोक आमच्याकडे बघत राहायचे. मग मी सुचवलं, आण्यांत विचारू. नाण्यांतून आणे गेले होते पण तोंडातून गेले नव्हते. सोळा आणे म्हणजे पूर्ण बरं. डॉक्टर खूश झाले. शहरातले लोक धडाधड सांगायला लागले, काल आठ आणे, आज दहा आणे.

मग एका दुष्काळी कामावरच्या नऊ बाया आल्या, सगळ्या एकाच गावच्या. त्यांच्या पुढारी अनसाबाई, पन्नाशीच्या, उभ्या अंगाच्या. तीन आठवडे उपचार झाल्यावर डॉक्टर स्वतः वही घेऊन बसले. पहिली बाई म्हणाली, पाच आणे. दुसरी म्हणाली, पाच आणे. लालवाली पाच, हिरवीवाली पाच, पिवळीवाली पाच! नऊच्या नऊ पाच आणे. डॉक्टर चक्रावले. तिन्ही उपचारांचा इतका समान परिणाम त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. त्या रात्री त्यांना नीट झोपही लागली नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी अनसाबाई मला वऱ्हांड्यात भेटल्या. इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमाला म्हनून सांगते. चौदा आणे बरं वाटतंया. पन कागदावर घालू नका."

मग उलगडा झाला. पीक सोळा आण्यांपैकी किती आलं ते बघायला सरकारी माणूस वही घेऊन गावात येतो. सहा आण्यांच्या आत भरलं तर गाव दुष्काळी. वर गेलं तर गाव सुकाळी आणि काम बंद. तेव्हा टायवाला साहेब वही उघडून आणे विचारायला लागला की काय सांगायचं, ते त्या गावात शेंबडं पोरही जाणत होतं. आम्ही मात्र दोघं शिकलेले, आम्हाला कळलं नाही.

डॉक्टरांनी आणे बंद केले. म्हणाले, आता पेशंटला विचारायचंच नाही, करून दाखवायला सांगायचं. मान वर करून छताच्या पंख्याची पाती मोजायची. मान वर गेली तर बरा, नाही तर नाही. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी एक आजोबा आत आले, मान छातीला टेकलेली, आणि मी काही विचारायच्या आत जमिनीकडे बघत म्हणाले, "तीन." वऱ्हांड्यात बातमी फुटली होती.

अखेर साळूबाईंनीच उपाय सांगितला. पेशंट दारातून आत आला की भिंतीवर उंच टांगलेल्या घड्याळाकडे बघून त्यानेच वेळ सांगायची. घड्याळ रोज वेगळं सांगतं. त्यावर कुणाचा इलाज चालला नाही, आणि आमचे आकडे तेव्हापासून खरे आले.

*

डॉक्टरांची स्वतःची मानही धरलेली असायची. दिवसभर एक्स-रेवर वाकायचं, संध्याकाळी स्कूटरवरून खेड्यांतल्या पेशंटकडे. दर शनिवारी दुपारी पेशंट संपले की ते टाय सैल करून यंत्रापुढच्या खुर्चीत बसत. तुलनेत नव्हते हो, आपले खाजगी. साळूबाई टॉवेल लावत, मी बटण फिरवत असे, लाल दिवा लागे.

वीस मिनिटांनी डॉक्टर उठायचे, मान इकडे तिकडे फिरवून बघायचे आणि यंत्राच्या पाठीवर थाप मारायचे. "वा! मंगलताई, विज्ञान ते विज्ञान. शेवटी माणसाच्या हाताला मर्यादा आहे."

साळूबाई टॉवेलाची घडी घालत असायच्या. त्यांच्यासमोर हे बोलू नये एवढं त्या भल्या माणसाला सुचत नव्हतं. मी मात्र उगाच कार्डं लावायला घ्यायचे.

*

तीन महिने संपले. बेरजा मी केल्या, तीनदा केल्या. लाल कार्डवाले सगळ्यांत पुढे, लवकर बरे झालेले आणि बरेच राहिलेले. हिरवेवाले मध्ये. पिवळेवाले शेवटी. थोडंथोडकं नाही, चांगलं डोळ्यांत भरेल असं अंतर होतं.

मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण काढणार कुणावर? तुलना मीच राबवली, आकडे माझ्याच हातचे. संध्याकाळी मागच्या आवारात जाऊन मीच साळूबाईंना सांगितलं, कार्यालयातून कळण्यापेक्षा बरं म्हणून. त्या शेळीची धार काढत होत्या. धार पुरी केली, भांडं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "मिरजगावला भावाकडं जाईन. पन तितं चारा न्हाई. शेळीला ठिवून घेनारं कुनी हाय का तुमच्या वळखीत?"

मी नाही म्हणाले. माझ्या नगरमध्ये ओळखी कुठल्या होत्या? सगळ्या साळूबाईंनीच करून दिलेल्या.

दुसऱ्या दिवशी अहवाल टाइप होऊन आला. यंत्र सर्वांत गुणकारी, मालिशसाठी वेगळ्या जागेची आवश्यकता नाही. खाली डॉक्टरांची सही तेवढी व्हायची. ट्रस्टी यंत्र बघायला येणार म्हणून मी सकाळी ते पुसायला घेतलं आणि त्याचं मोठं बटणच माझ्या हातात आलं. डॉक्टर म्हणाले, माळीवाड्यातल्या बशीरभाईंना बोलवा. बशीरभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, दवाखान्यातलं विजेचं सगळं तेच बघायचे.

बशीरभाई आले, पाठीमागची पत्र्याची झडप काढून आत डोकं घातलं. डॉक्टर माझ्या टेबलाशी बसून अहवाल शेवटचा वाचत होते, पेन उघडून हातात. बशीरभाईंनी आतूनच विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे मशीन कधीपासून बंद आहे?"

डॉक्टर म्हणाले, बंद कसलं, काल संध्याकाळपर्यंत चालू होतं.

बशीरभाईंनी आम्हाला जवळ बोलावलं. आत एक मोठा काचेचा व्हॉल्व्ह होता. शेक तयार होतो तो त्याच्यात. त्याच्या अंगावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, चांगलं लिंबाएवढं, वाळून टणक झालेलं. "हा तापला तर हात लावता येत नाही, साहेब. तापत असता तर माशी इथे बसली असती का? आणि ही भोकं बघा. तिची पिल्लं मोठी होऊन उडूनसुद्धा गेली." लाल दिव्याची तार वेगळी होती, आतल्या पंख्याची वेगळी. दिवा लागत होता, पंखा घुमत होता, आणि यंत्र महिनोन् महिने गार होतं.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. शेक येतो की नाही ते तपासायची एक काचेची नळी यंत्राबरोबर यायची असते. ती आली तेव्हाच फुटलेली होती. दुसरी मागवली होती, ती यायची होती. मी पेशंटना विचारायचे, गरम लागतंय का? ते म्हणायचे, हो, छान लागतंय.

डॉक्टरांनी त्या मातीच्या घराला बोट लावून बघितलं. मग कोपऱ्यातल्या पितळी भांड्याकडे बघितलं, त्याच्या झाकणावर घडी करून ठेवलेल्या टॉवेलाकडे बघितलं, आणि म्हणाले, साळूबाईंना बोलवा.

साळूबाई आल्या. सामान बांधत होत्या बहुतेक, हाताला सुतळीचं कुसळ लागलेलं. डॉक्टरांनी विचारलं, यंत्राच्या पेशंटला टॉवेल लावता तेव्हा आणखी काय करता? साळूबाईंनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं.

"काय न्हाई सायेब. टावेल लावताना मान जरा अंगठ्यानं मोकळी करून द्यायची, यवढंच. मान्सं पाट्या वाहून आलेली, माना पार लाकूड झालेल्या. यंत्र बिचारं नवं. त्याला एकट्याला कसं झेपावं? त्याची परीक्षा हुती ना."

"ते पास झालं की तुम्हाला जावं लागणार होतं. माहीत होतं ना?"

"व्हय की. तुमीच सांगितलं हुतं." मग हाताचं कुसळ काढत म्हणाल्या, "पन नवीन आलेल्याला संबाळून घ्यायला नगं?"

बशीरभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि अहवालाची चौघडी करून तोही खिशात घातला. मग त्यांचा हात सावकाश स्वतःच्या मानेकडे गेला.

"साळूबाई, शनिवारी मी बसायचो. तेव्हासुद्धा?"

"तुमाला तर दोनदा करायची, सायेब."